पहिला प्रश्न मोफत

सर रात्रशाळेत शिकवायचे, म्हणजे दिवसभर मोकळे असायचे. आणि दिवसभर मोकळा असलेला मास्तर चाळीत राहत असला की काय होतं, ते आमच्या लालबागच्या मजल्याला विचारावं. दूधवाला, पोस्टमन, मीटर बघणारा, निवडणुकीच्या चिठ्ठ्या वाटणारा, कुणीही जिना चढून वर आला की त्याची गाठ आधी सरांशी पडायची. गॅलरीच्या कठड्याला टेकून सर उभेच असायचे. मग वाद. वाद म्हणजे भांडण नव्हे, सरांनी आवाज कधी चढवला नाही. उलट समोरचा तापला की ते खूश व्हायचे. "बसा, पाणी प्या, मग बोलू," म्हणायचे, आणि त्याचं पाणी पिऊन झालं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

मी त्यांना बसून बोलताना फारसं पाहिलंच नाही. "गिरणीत पाळी करून आलेली माणसं समोर बाकावर असतात," ते सांगायचे, "मास्तर बसला की वर्ग झोपतो." गिरण्या गेल्या, रात्रशाळेतली ती माणसंही गेली, सर निवृत्त झाले, तरी त्यांचं उभं राहणं काही सुटलं नाही.

रविवारी सकाळी त्यांचा खास कार्यक्रम असायचा. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य ते गॅलरीत मोठ्याने वाचून दाखवायचे, पण त्याआधी गेल्या रविवारच्या भविष्याचा निकाल लावायचे.

"कन्या राशीला प्रवासाचा योग होता. कोण गेलं?"

"मी गेलो ना सर, भायखळ्याला," पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडायचं.

"कशाला?"

"दाढ काढायला."

"प्रवास सुखाचा होईल असं लिहिलंय. झाला का?"

सगळी गॅलरी हसायची. आमच्या मजल्यावर निम्मी बिऱ्हाडं कोकणातली, देवदेवस्कीवाली, आणि निम्मी आमची, दीक्षा घेतलेली. सर आमच्यातले. पण त्यांच्या थट्टेचा राग कोकणातल्यांनाही यायचा नाही, कारण ज्याची थट्टा सकाळी व्हायची त्याच्याच पोराच्या ॲडमिशनचा अर्ज सर दुपारी लिहून द्यायचे. आणि अर्ज लिहावा तर सरांनीच. "सबब" हा शब्द ते असा काही वापरायचे की वाचणाऱ्या साहेबाला आपण आरोपी आहोत असं वाटावं. "आपला आज्ञाधारक", "आपला नम्र" असलं काही कुणी आधीच लिहून आणलं असेल तर त्यावर रेघ मारून ते नुसतं "अर्जदार" असं लिहायचे. हक्काचं मागायला नम्र कशाला व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. मी सातवीत असताना आजारपणाच्या रजेचा अर्ज त्यांनी मला असा काही लिहायला लावला होता की आमच्या वर्गाच्या बाईंनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून घेतलं. आबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय." तो विषय तिथेच संपला.

आबा आणि सर जोडीचे. लहानपणापासूनचे दोस्त, एकाच गॅलरीत दोन दारं सोडून राहणारे, एकमेकांना अरे-तुरे करणारे. फरक एवढाच की सर दिवसाला जितके शब्द बोलायचे तितके आबा महिन्याला बोलायचे.

सरांना गप्प करू शकेल असं मजल्यावर एकच माणूस होतं, त्यांची बायको. आम्ही काकी म्हणायचो. वरळी कोळीवाड्यातून एक मासेवाली पाटी घेऊन यायची. पाटी उतरली रे उतरली की सरांचं सुरू. "ताजे कशावरून?"

"रोज इचारतंस नि रोज घेतंस, मास्तर! तुज्या पोटाला इचार."

"पोट साक्षीदार होऊ शकत नाही. ते तुझ्या बाजूनं बोलणार."

हे चालू असताना काकी मागच्या मागे बांगडे निवडून, पैसे देऊन, आत जाऊन ते साफही करायला घ्यायच्या. मग आतून आवाज यायचा, "भाकरी गार होते हां." सर मुद्दा अर्धा टाकून आत जायचे. काकींशी वाद घालताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तिला आधीच सगळं माहीत असतं. मग मजा काय?"

मोबाईल त्यांनी घेतला नाही. "गळ्यात घंटा बांधून फिरायला मी बैल आहे काय?" काकींकडे एक साधा मोबाईल होता, पण तो काकींचा. सरांना फोन करायचा असला की ते आमच्याकडे यायचे.

आमच्या घरच्या फोनचं थोडं सांगायला हवं. मजल्यावरचा तो पहिला फोन. आला तेव्हा मी लहान होते आणि सगळ्या मजल्याच्या नातेवाइकांकडे आमचाच नंबर होता. आईने पहिल्याच दिवशी नियम घातला होता, कुणी फोनवर बोलायला आलं की आपण सगळ्यांनी उठून गॅलरीत जायचं. मग ताटावर बसलेले असू दे की अभ्यासाला. कुणाचा होता, काय म्हणत होता, हे विचारायचं नाही आणि कळलंच तर ते तोंडातून काढायचं नाही. कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची मुलगी घर सोडून आली, हे सगळं आमच्या घरातल्या त्या कोपऱ्यात बोललं गेलं आणि आमच्या घरातून एक शब्द बाहेर पडला नाही. आई गेली, ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आले, मी लग्न होऊन ठाण्याला गेले. तरी आबांनी फोन ठेवला होता आणि नियमही ठेवला होता. सर फोन करायला आले की आबा उठून गॅलरीत जायचे. आता त्यांच्या फोनला येणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

बिल माझ्याकडे ईमेलवर यायचं आणि मी ते न बघता भरायची. ज्या महिन्याचं सांगतेय त्या महिन्यात रकमेकडे नजर गेली आणि मी खुर्चीतच सावरून बसले. एरवीच्या कितीतरी पट. उघडून बघितलं तर एकाच नंबरला पुन्हा पुन्हा फोन, आणि प्रत्येक फोन लांबलचक. तो साधा नंबर नव्हता. मिनिटामिनिटाला जादा पैसे लावणारा. मी कस्टमर केअरला फोन केला, बराच वेळ गाणं ऐकलं, शेवटी एक मुलगी आली.

"मॅडम, ये ॲस्ट्रॉलॉजी लाइन है. भविष्य बताते हैं."

"हमारे यहाँ ये कोई नहीं करेगा."

"नंबर तो आपका ही है ना, मॅडम. बुजुर्ग लोग घर में अकेले होते हैं. लगा देते हैं."

ती काही वाईट बोलली नाही. उलट मायेनेच बोलली. पण माझं डोकं असं सणकलं की मी फोन आपटलाच.

कारण आबा काय आहेत ते मला माहीत होतं. माझ्या लग्नात सासरकडच्या एका दूरच्या आत्याने माझी जन्मवेळ विचारली, तर आबा म्हणाले होते, "जन्म झालाय एवढं नक्की आहे." बावीस प्रतिज्ञा त्यांनी मला पाढ्यांच्या आधी पाठ करून घेतल्या. आयुष्यभर दोरा बांधला नाही, हात दाखवला नाही, त्यासाठी भावकीतल्या लोकांशी वाकडं घेतलं. त्या माणसाच्या बिलावर ज्योतिषाचा नंबर! एक तर कंपनी खोटं बोलत होती, नाहीतर माझे आबा आतून खचले होते आणि मला ठाण्यात बसून त्याचा पत्ताही नव्हता. दुसरी शक्यता मला सहन होत नव्हती, म्हणून मी पहिलीला घट्ट धरलं.

शनिवारी लालबागला गेले. आबांनी बिल डोळ्यांजवळ धरून वाचलं. घडी घालून परत दिलं.

"भरून टाक."

"भरून टाक काय, आबा? तुम्ही केलेत का हे फोन?"

"भरून टाक म्हटलं ना."

"मग फोनच काढून टाकते. मोबाईल देते तुम्हाला."

"फोन राहू दे." मग जरा थांबून म्हणाले, "आणि सरला यातलं काही सांगू नको. त्याला आत्ता त्रास नको."

ते खरंच होतं. काकी जाऊन महिना झाला नव्हता. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात त्या बरेच दिवस होत्या. सर रोज लालबागहून चालत जायचे, चालत यायचे. शेवटी शेवटी वॉर्डात फोन लावायला रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळी चाळ जमली होती. सर दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला जयभीम करत होते आणि दिवसभरात कुणाशी, कशावरूनही, वाद घातला नव्हता. तेव्हाच मला रडू आलं होतं.

पण आबांच्या बोलण्याने माझी भीती वाढली, कंपनीच खोटी ठरायला हवी होती आणि तक्रारीचा अर्ज म्हटला की आमच्या मजल्यावर दुसरं दार कुठलं? मी आबांचं ऐकलं नाही. सरांकडे गेले. त्यांनी बिल बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"एवढे?" ते म्हणाले.

"बघा ना. म्हणे आबांनी भविष्य विचारलं."

"कोण म्हणतं असं?"

"कंपनी."

सरांनी बिल पुन्हा वरून खाली वाचलं. मग म्हणाले, "सोमवारी जाऊ. तुझ्या बापालाही घे."

दादरला कंपनीचं ऑफिस होतं, काचेचं, एसीचं, टोकन घेऊन बसायचं. आमचा नंबर आला. समोर एक तरुण साहेब होता, सभ्य. "बोला आजोबा," तो म्हणाला.

"मी आजोबा नाही, तक्रारदार आहे," सर म्हणाले. मला हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी ते त्यांच्यासारखं बोलले होते.

साहेबाने कॉम्प्युटरवर बघितलं, मान हलवली. "असं करू या. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की हे कॉल तुमच्या घरातून कुणीही केलेले नाहीत. लाइनमध्ये काही गडबड झाली असेल म्हणून मी वर पाठवतो. पैसे वजा होतील."

इतकं सोपं! मी कागद सरांपुढे सरकवला. सरांनी पेन उघडलं. प्रति, विषय, महोदय, सगळं त्यांच्या त्या ताठ अक्षरात लिहिलं. पुढचं वाक्य सुरू केलं आणि थांबले. पेन कागदावर टेकलेलं आणि हात हलेना. मला वाटलं, शब्द शोधताहेत.

तेवढ्यात आबा बोलले. "राहू दे साहेब. फोन मीच केले."

"आबा!"

"घरी एकटा असतो. करमत नाही. लावले फोन." हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. शेजारच्या काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. माझ्या वडिलांनी, त्या वयात, चारचौघांत आणि स्वतःच्या मुलीसमोर, आयुष्यभराचं नाव त्या काउंटरवर ठेवून दिलं.

"खोटं बोलतोय हा," सर म्हणाले. ते उभे राहिले होते. "याला बारा राशींची नावं ओळीनं येत नाहीत. हा काय भविष्य विचारणार? फोन मी केले."

"गप रे," आबा पुटपुटले.

"तू गप. साहेब, लिहून घ्या. याच्या घरून केले. मी बोलत असलो की हा बाहेर जातो, याला काय माहीत? बिल बघून ओळखलं असणार, दुसरं कोण येतं याच्या फोनला." मग सरांनी सदऱ्याच्या खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. कोणा ज्योतिष केंद्राची जाहिरात. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, पहिला प्रश्न मोफत.

"मी त्यांना एकच प्रश्न विचारला. एकाच हॉस्पिटलात, एकाच मिनिटाला दोन पोरं जन्मली. एक गिरणीत गेला, दुसरा गिरणीचा मालक झाला. ग्रह तेच, पोरं दोन. हे कसं? बस. रोज हाच प्रश्न."

"आणि ते काय म्हणायचे?" साहेबाने कीबोर्डवरचे हात काढून घेतले होते.

"एक बाई असायची, चांगली होती. म्हणायची, गुरुजींना विचारते, थांबा. मी थांबायचो. ते गाणं लावायचे. मला वाटायचं, गुरुजी अडचणीत आलेत, पुस्तकं बघताहेत." सर थांबले. "मला वाटत होतं मी जिंकतोय, साहेब."

पलीकडच्या काउंटरवरची मुलगी हसली, साहेब हसला, मग आबा हसले. मी तर डोळे पुसत हसत होते. आबा होते तसेच होते, तिथेच, माझ्या शेजारी. सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी अर्धा लिहिलेला कागद फाडला, नवा घेतला आणि एका दमात अर्ज लिहून काढला. हे फोन मी केले. जाहिरातीत पहिला प्रश्न मोफत असल्याचं म्हटलं आहे. मी एकच प्रश्न विचारला असून त्याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. सबब पहिला प्रश्न अद्याप चालू आहे व त्याबद्दल लावलेला आकार बेकायदेशीर आहे. आणि शेवटची ओळ, यातला शेवटचा फोन या तक्रारीतून वगळावा.

"शेवटचा का वगळता?" साहेबाने विचारलं. "सगळेच एकदम जातील की."

"तो दुसरा प्रश्न होता."

"अहो, कोण बघतंय?"

"मी बघतोय," सर म्हणाले आणि खाली "अर्जदार" लिहून सही केली.

पुढच्या बिलात पैसे वजा होऊन आले, तो एक फोन सोडून. असले नंबर मी आबांच्या फोनवरून बंद करून घेतले, फोन मात्र ठेवला. आता ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहतोय, आबा माझ्याकडे ठाण्याला असतात आणि सर नाहीत. त्यांचं जाणं अगदी शांत झालं, दुपारी, दार उघडं ठेवून. तो अर्ज त्या साहेबाने ऑफिसातल्या सगळ्यांना वाचून दाखवला होता, असं त्यानेच मला नंतर फोनवर सांगितलं. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हसायला काय झालं? मुद्दा बरोबर होता."

पण मला आठवते ती त्या सोमवारची दुपार. ऑफिसातून बाहेर पडून आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेतला. आबा चहा संपवून भाजी बघायला पुढे गेले. सर कपाकडे बघत बसले होते. मला राहवलं नाही.

"सर, दुसरा प्रश्न काय होता?"

त्यांनी लगेच सांगितलं, कुणीतरी विचारायची वाट बघत असल्यासारखं.

"काकी घरी येईल का, एवढंच विचारलं. वॉर्डात सिस्टरला विचारलं तर म्हणायची डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणायचे बघू. मग कुणाला विचारणार? त्या दिवशी नेहमीसारखा फोन लावला, तर गुरुजी स्वतःच आला लाइनवर. माझा मुद्दा तोंडावर आला होता. पण मी हेच विचारलं."

"मग? काय म्हणाला?"

"येणार म्हणाला. पुढच्या आठवड्यात नक्की येणार. आवाज चांगला होता त्याचा. मी त्याला थँक यू म्हटलं."

पुढच्याच आठवड्यात काकी गेल्या होत्या. माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"मग तर त्याचे पैसे अजिबात द्यायला नको होते, सर. धडधडीत खोटं बोलला तो."

"खोटंच बोलला," सर म्हणाले. "पण त्या रात्री मला झोप लागली गं. त्याचे पैसे नको द्यायला?"